मरु-कच्छाचे क्षत्रप आणि पवनीचा छायास्तंभ

१. वादाचें स्वरूप

भंडारा जिल्ह्यांतील पवनी हें वैनगंगेच्या कांठचें गांव प्राचीन अवशेषांविषयीं विदर्भांत प्रसिद्ध आहे. तेथें सांपडलेल्या एका शिलास्तंभावर ब्राह्मी लिपींतील व प्राकृत भाषेंतील एक अत्यंत लहान लेख आहे. आरंभींचा मंगलवाचक ‘सिद्धम्’ हा शब्द सोडला तर त्यांत तीनच पदें उरतात : महाक्षत्रप-कुमाराचा, रुपिअम्माचा, छायास्तंभ. महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनीं हा लेख वाचून प्रसिद्ध केला आणि त्यावरून असें अनुमान काढलें कीं, पश्चिमेकडील शक क्षत्रपांची सत्ता कांहीं काळ विदर्भावर, अगदीं वैनगंगेपर्यंत, पसरली होती; व ती पुढें गौतमीपुत्र सातकर्णीनें मोडली. जिल्ह्याविषयींच्या पुष्कळ लिखाणांत हें अनुमान आतां सिद्ध गोष्ट म्हणून उतरलें आहे. तीन पदांच्या लेखावर एका राज्याचा भार टाकला गेला आहे. तो भार त्या स्तंभास पेलतो कीं नाहीं, हें पाहणें हा प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

मिराशी यांच्या व्यासंगाविषयीं येथें कांहीं सांगण्याची आवश्यकता नाहीं. सातवाहन, क्षत्रप आणि वाकाटक या तिन्ही राजकुलांचे कोरीव लेख त्यांनीं संपादिले. विदर्भाच्या प्राचीन इतिहासाचा पाया बव्हंशीं त्यांच्या लेखवाचनांवरच रचला गेला आहे. म्हणूनच त्यांचें एखादें मत न तपासतां पुढें चालवणें हें त्यांनीं स्वतः घालून दिलेल्या शिस्तीस सोडून होईल. लेखाचें वाचन आणि लेखावरून केलेलें अनुमान या दोन निराळ्या वस्तु आहेत. वाचनाविषयीं आमचा वाद नाहीं, अनुमानाविषयीं आहे.

या वादाचें एक टोंक वैनगंगेच्या कांठीं आहे, तर दुसरें टोंक पश्चिमेस, रणाच्या आणि समुद्राच्या मध्यें वसलेल्या कच्छांत आहे. त्या प्रदेशाची प्राचीन संस्कृति व तेथील स्मारकांची रीति ध्यानांत घेतल्यावांचून पवनीच्या स्तंभाचा विचार पुरा होत नाहीं. यास्तव प्रथम कच्छाकडे वळूं.

२. मरु-कच्छ आणि तेथील लष्टि

कच्छाच्या उत्तरेस व पूर्वेस रणाचें मीठ धरलेलें सपाट मैदान आहे; दक्षिणेस व पश्चिमेस समुद्र आहे. ‘रण’ हा शब्द संस्कृत ‘इरिण’ म्हणजे क्षारभूमि या शब्दापासून आला. इसवी सनाच्या पहिल्या शतकांत लिहिलेल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक नाविकग्रंथांत याच भागास ‘एइरिनोन’ म्हटलें असून तेथील उथळ पाणी, वाळूचे बांध व जहाजांस असणारे धोके यांचें वर्णन केलें आहे. वाळवंट आणि समुद्र या दोहोंच्या कचाट्यांत सांपडलेला हा मुलूख वरवर पाहतां ओसाड वाटतो. परंतु मनुष्यवस्तीच्या दृष्टीनें तो फार जुना आहे. खदिर बेटावरील धोलावीरा येथील सिंधुसंस्कृतीचें नगर, पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं खडकांत व दगडांत बांधलेल्या त्याच्या विस्तीर्ण जलाशयांसह, उत्खननानें प्रकाशांत आलें. २०२१ सालीं त्याची गणना जागतिक वारशांत झाली. मांडवी बंदरांत लांकडी जहाजें बांधण्याची कला अनेक शतकें चालत आली आहे.

या प्रदेशाचा आमच्या विषयाशीं संबंध येतो तो तेथील स्मारकशिलांमुळें. कच्छ-सौराष्ट्रांत गांवोगांव ‘पाळिया’ नांवाचे स्मृतिपाषाण उभे आहेत. वीराच्या पाळियावर घोडेस्वार, सतीच्या पाळियावर हात, आणि किनाऱ्यावरील कांहीं पाळियांवर समुद्रांत मेलेल्यांसाठीं गलबत कोरलेलें आढळतें. या रीतीचे ज्ञात असलेले फार जुने नमुने रणाच्या बाजूस खावडा भागांतील अंधौ गांवीं मिळाले. तेथील चार शिलालेख एकाच दिवसाचे आहेत : शक ५२ (इ. स. १३०), फाल्गुन वद्य द्वितीया. चष्टन व त्याचा नातू रुद्रदामन् या दोघां राजांचा त्यांत निर्देश आहे. मदन नांवाच्या गृहस्थानें आपली बहीण, भाऊ व पत्नी यांच्या स्मरणार्थ तीन शिला उभारल्या. चौथी दुसऱ्या एका पित्यानें मुलासाठीं उभारली. या शिलांस लेखांत ‘लष्टि’ म्हणजे यष्टि असें नांव दिलें आहे. त्या सांप्रत भूज येथील, १८७७ सालीं स्थापन झालेल्या कच्छ संग्रहालयांत आहेत.

अंधौच्या लेखांचा सांचा ध्यानांत ठेवण्याजोगा आहे. प्रथम राजांचीं नांवें त्यांच्या वडिलांच्या नांवांसह. नंतर वर्ष, मास, पक्ष व तिथि. नंतर मृताचें नांव, कुल व गोत्र. शेवटीं शिला उभारणाऱ्याचें नांव व त्याचें मृताशीं असलेलें नातें. ही सर्व माहिती सामान्य गृहस्थांच्या स्मारकांवरहि आहे. क्षत्रपांच्या राज्यांतील प्रजाजन आपल्या मृतांचें स्मरण असें करीत.

३. पवनीचें स्थळ

आतां वैनगंगेकडे येऊं. पवनीच्या तीन बाजूंस मातीचा प्रचंड तट व त्याबाहेर खंदक असून चौथ्या बाजूस नदी आहे. आजचें गांव त्या तटाच्या आंत वसलेलें आहे. १९६९-७० सालीं नागपूर विद्यापीठ व भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षण यांनीं शां. भा. देव व ज. प. जोशी यांच्या देखरेखीखालीं येथें उत्खनन केलें व त्याचा वृत्तांत १९७२ सालीं प्रसिद्ध झाला. जगन्नाथ टेकडी व चांडकापूर येथील टेकडी या दोन ठिकाणीं बौद्ध स्तूपांचे अवशेष निघाले. जगन्नाथ टेकडीवरील स्तूपाचा व्यास सुमारें ३८ मीटर भरला, म्हणजे हा स्तूप सांचीच्या महास्तूपाहून लहान नव्हता. वेदिकेचे कोरीव स्तंभ, मुचलिंद नागाचें शिल्प, आणि दान देणाऱ्या स्त्री-पुरुषांचीं नांवें असलेले छोटे ब्राह्मी लेख यांवरून येथें क्षत्रपांच्या उदयापूर्वींच एक संपन्न नगर व भाविक समाज नांदत होता हें निर्विवाद ठरतें. पुढें १९९४ सालीं अमरेंद्र नाथ यांनीं येथें पुन्हां उत्खनन केलें.

याच पवनींत मिळालेल्या आणखी एका शिलालेखाची आठवण येथें अवश्य केली पाहिजे. पादुका कोरलेल्या एका शिलापट्टावरील या लेखांत भार कुळांतील राजा भगदत्त याचें नांव आहे. अक्षरवळणावरून हा लेखहि इसवी सनाच्या आरंभींच्या शतकांतला आहे. तो लेखहि मिराशी यांनींच प्रसिद्ध केला. म्हणजे एकाच गांवांत, एकमेकांपासून फार दूर नसलेल्या काळांत, एका स्थानिक राजाचा लेख आणि एका क्षत्रपकुमाराचा लेख, असे दोन लेख मिळाले आहेत. जिल्ह्याच्या इतिहासाविषयींच्या लिखाणांत दुसऱ्याचा गाजावाजा होतो व पहिल्याचा निर्देश ओघांत येऊन जातो. हें प्रमाण उलटें असावयास हवें होतें; कारण भगदत्त हा आपणास राजा म्हणवितो, आणि रुपिअम्माच्या लेखांत ‘राजा’ हा शब्दच नाहीं.

४. पदांचा अर्थ

लेखांतील पहिलें पद ‘महाखत्तव-कुमार’ असें आहे. याचे दोन विग्रह संभवतात. ‘महाक्षत्रपाचा कुमार’ हा एक. ‘जो महाक्षत्रप असून कुमारहि आहे तो’ हा दुसरा. दुसरा विग्रह घेतला तरच रुपिअम्म हा स्वतः राज्य करणारा महाक्षत्रप ठरतो. परंतु क्षत्रपांच्या कुळांत ‘महाक्षत्रप’ ही सर्वांत श्रेष्ठ पदवी होती; ती धारण करणाऱ्यास ‘कुमार’ हें दुय्यम विशेषण लावण्याचें कारण दिसत नाहीं. पहिला विग्रह सरळ व स्वाभाविक आहे : एका महाक्षत्रपाचा पुत्र, रुपिअम्म. तो स्वीकारला म्हणजे ‘महाक्षत्रप रुपिअम्म’ हा विदर्भाचा शासक नाहींसा होतो व त्याच्या जागीं येथें मरण पावलेला, किंवा ज्याची स्मृति येथें राखली गेली असा, एक राजपुत्र उरतो. त्याच्या बापाचें नांवहि लेख सांगत नाहीं.

क्षत्रपांच्या नाण्यांवर प्रत्येक राजाच्या नांवापुढें त्याच्या पित्याचें नांव व पदवी असते; चष्टनाच्या वंशाची जवळजवळ अखंड वंशावळ त्यामुळेंच लावतां आली. त्या वंशावळींत रुपिअम्म कोठेंहि बसत नाहीं. भूमक व नहपान यांच्या क्षहरात कुळांतहि तें नांव येत नाहीं. ज्याचें नाणें नाहीं, वर्ष नाहीं, बापाचें नांव नाहीं, अशा पुरुषाच्या नांवावर एका प्रांताचें राज्य लिहून देतांना हात आंखडता घेणें बरें.

दुसरी गोष्ट भाषेची. नहपानाच्या लेखांत ‘खतप’ असें रूप येतें. पवनीच्या लेखांत ‘खत्तव’ आहे. पकाराचा वकार झाला आहे. पश्चिमेकडील राजकचेरींतून आलेला लेखक आपल्या धन्याची पदवी अशी लिहील असें वाटत नाहीं. कानांनीं ऐकलेली परकी पदवी स्थानिक उच्चाराप्रमाणें लिहिली जावी, तसें हें रूप दिसतें. स्तंभ कोरविणारा कोणीहि असो, कोरणारा हा वैनगंगेकडचा असावा.

तिसरें पद सर्वांत महत्त्वाचें आहे. अंधौच्या शिला ‘लष्टि’ आहेत. पवनीचा स्तंभ ‘छायाखंभ’ आहे. येथें ‘छाया’ म्हणजे प्रतिमा, मृताची आकृति. हा शब्द स्मारकस्तंभासाठीं दक्षिणेंत रूढ होता. कृष्णेच्या कांठीं नागार्जुनकोंडा येथें इक्ष्वाकु राजांच्या काळचे असे छायास्तंभ मिळाले आहेत. राजा चांतमूल याच्या स्मरणार्थ त्याच्या घरच्या स्त्रियांनीं, वीरपुरुषदत्ताच्या विसाव्या राज्यवर्षीं, उभारलेला स्तंभ त्यांत प्रमुख आहे. सैनिक व कारागीर यांचेहि छायास्तंभ तेथें आहेत. ते पवनीच्या स्तंभाहून कांहींसे उत्तरकालीन आहेत, म्हणून कोणीं कोणाची रीति उचलली हें ठरविण्याचा आमचा आग्रह नाहीं. परंतु शब्द एकच आहे, आणि तो कच्छचा नाहीं. भूगोलहि याच बाजूस बोलतो. वैनगंगा वर्धेस मिळून प्राणहिता होते, प्राणहिता गोदावरींत जाते, आणि गोदावरी पूर्वसमुद्रास मिळते. पवनीचें पाणी ज्या दिशेस वाहतें त्याच दिशेस ‘छायाखंभ’ हा शब्द आढळतो.

शिवाय, मृतासाठीं दगड उभारणें ही विदर्भास परकी गोष्ट नव्हे. नागपूरकडील जुनापाणी, माहुरझरी, नायकुंड येथील महापाषाणयुगीन शिलावर्तुळें या भागांतील अंत्यविधींत दगडास असलेलें स्थान कित्येक शतकें आधीं दाखवितात. तेव्हां स्तंभ आहे म्हणून तो शकांनींच आणला, असें म्हणतां येत नाहीं.

५. देशनामांची साक्ष

क्षत्रपांचें राज्य कोठवर होतें, याविषयीं त्यांचाच एक वाखाणण्याजोगा लेख उपलब्ध आहे. जुनागढच्या खडकावर रुद्रदामन् यानें शक ७२ (इ. स. १५०) च्या सुमारास कोरविलेल्या प्रशस्तींत त्याच्या अंकित देशांची यादी आहे : पूर्व व अपर आकरावंती, अनूप, आनर्त, सुराष्ट्र, श्वभ्र, मरु, कच्छ, सिंधु, सौवीर, कुकुर, अपरांत, निषाद. मरुभूमि आणि कच्छ यांस या यादींत स्पष्ट स्थान आहे. विदर्भाचें नांव त्यांत नाहीं. हा राजा आपला पराक्रम झांकून ठेवणारा नव्हता. दक्षिणापथपति सातकर्णीस आपण दोनदां जिंकलें, पण जवळच्या नात्यामुळें त्याचा उच्छेद केला नाहीं, असें तो त्याच लेखांत अभिमानानें सांगतो. वैनगंगेपर्यंतचा मुलूख त्याच्या हातीं असता तर त्याचा उल्लेख राहिला नसता.

याउलट नाशिकच्या लेण्यांतील लेखांत गौतमी बलश्रीनें आपल्या पुत्राच्या देशांची जी यादी दिली आहे तींत ऋषिक, अश्मक, मूलक, सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप, विदर्भ, आकरावंती हीं नांवें आहेत. दोन्ही याद्या शेजारीं ठेवून पाहाव्या. सुराष्ट्र, कुकुर, अपरांत, अनूप व आकरावंती हीं नांवें दोहोंतहि आहेत. म्हणजे हे देश एकाच्या हातून दुसऱ्याकडे गेले. विदर्भ मात्र एकाच यादींत आहे. ज्या देशांसाठीं सातवाहन व क्षत्रप झगडले, त्यांत विदर्भ होता असें या दोन लेखांवरून निघत नाहीं.

यावर असें उत्तर देतां येईल कीं, रुपिअम्म हा रुद्रदामन्‌च्या आधींचा, नहपानाच्या काळचा असावा. गौतमीपुत्रानें विदर्भ घेतल्यावर तो पुन्हां क्षत्रपांकडे गेला नाहीं. हें उत्तर विचारार्ह आहे. परंतु नहपानाच्या काळचे लेखहि आपल्यापुढें आहेत. ते नाशिक, कार्ले व जुन्नर येथें मिळाले. नहपानाचा जामात उषवदात यानें आपल्या दानांची व धर्मकृत्यांची जी लांबलचक मालिका दिली आहे तींत भरुकच्छ, दशपुर, गोवर्धन, शूर्पारक, प्रभास, पुष्कर हीं स्थळें व तापी, दमण, डहाणू अशा नद्यांचे उतार येतात. सर्व नांवें पश्चिमेकडील व उत्तरेकडील आहेत. वैनगंगेचें नांव या मालिकेंत नाहीं. ज्या घराण्याचा जांवई इतक्या दूरदूरच्या तीर्थांस दानें देतो, त्यास पवनीसारखें स्तूपमंडित नगर आपल्या राज्यांत असतां दिसूं नये, हें संभवनीय नाहीं.

६. नाण्यांची साक्ष

राज्य हातबदल झालें म्हणजे नाण्यांवर त्याची खूण कशी उमटते, याचें उत्तम उदाहरण नाशिकजवळील जोगळटेंभी येथें १९०६ सालीं मिळालें. नहपानाच्या तेरा हजारांहून अधिक चांदीच्या नाण्यांचा तो संचय होता व त्यांतील बहुसंख्य नाण्यांवर गौतमीपुत्रानें आपला ठसा पुन्हां मारलेला होता. क्षहरातांच्या उच्छेदाचा नाशिक-लेखांतील उल्लेख या नाण्यांनीं अक्षरशः खरा ठरविला. विदर्भांत याच्या तोडीचा पुरावा नाहीं. तेथें जो मोठा संचय १९३९ सालीं वऱ्हाडांतील तऱ्हाळें येथें मिळाला, तो सातवाहनांच्या पोटीन धातूच्या दीड हजारांहून अधिक नाण्यांचा आहे. त्या नाण्यांत ‘शक सातकर्णी’ असें एक राजनाम येतें, ही गोष्ट मननीय आहे. स्वतः सातवाहन कुळांतला राजा ‘शक’ हें नांव धारण करूं शकत होता. तेव्हां शकसंबंध दिसला कीं तेथें शकसत्ता मानावी, हा नियम टिकत नाहीं.

क्षत्रपांचीं नाणीं मध्य भारतांत व दक्षिणेंत मिळतात, असें कोणी पुढें करील. तीं मिळतात, हें खरें आहे. छिंदवाड्याकडील सोनपूर येथें त्यांचा संचय मिळाला. थेट आंध्रांतील गुंटूर जिल्ह्यांत पेटलुरिपालेम येथेंहि मिळाला. परंतु गुंटूरवर क्षत्रपांचें राज्य होतें असें कोणीहि म्हणत नाहीं. चांगल्या चांदीचें नाणें व्यापाऱ्याच्या कसणीबरोबर चालतें. राजाच्या सैन्याची त्यास गरज नसते. पवनीच्या बाबतींत आपण नाण्यास जो न्याय लावतों तोच स्तंभास लावला पाहिजे.

७. ‘बेनाकटकस्वामी’

मिराशी यांच्या मताचा आणखी एक आधार गौतमीपुत्राच्या नाशिक येथील लेखांतील ‘बेनाकटकस्वामी’ या विशेषणांत आहे. बेना म्हणजे वैनगंगा, बेनाकटक म्हणजे वैनगंगेच्या दोहों कांठचा प्रदेश. तो गौतमीपुत्रानें प्रथम जिंकला व तेथून पश्चिम महाराष्ट्रावर स्वारी केली, असें त्यांनीं मांडलें. वाकाटक राजा द्वितीय प्रवरसेन याच्या तिरोडी ताम्रपटांत ‘बेन्नाकट’ हें प्रदेशनाम येतें व तें बालाघाट-भंडारा या बाजूचें आहे. यामुळें या समीकरणास बळकटी मिळते. उलट बाजूस, नाशिक-लेखांत हें विशेषण गोवर्धन या नांवाच्या शेजारींच आलें असल्यामुळें, बेनाकटक हें नाशिककडीलच एखादें स्थान असावें, असेंहि कांहीं विद्वानांनीं धरलें आहे.

आम्ही मिराशी यांचेंच समीकरण क्षणभर मान्य करूं. त्यावरून काय निष्पन्न होतें? गौतमीपुत्र वैनगंगाकांठचा स्वामी होता, एवढेंच. तो प्रदेश त्यानें कोणापासून घेतला, हें त्या विशेषणांत नाहीं. भगदत्तासारख्या स्थानिक राजापासून घेतला असेल, अथवा तो त्याच्या घराण्याकडे आधींपासूनच असेल. ‘क्षत्रपांपासून घेतला’ हें उत्तर रुपिअम्माच्या स्तंभावरून येतें. आणि रुपिअम्माच्या स्तंभाचा अर्थ ‘क्षत्रपसत्ता’ असा कां करावयाचा, तर गौतमीपुत्रास हा प्रदेश जिंकावा लागला म्हणून. एक अनुमान दुसऱ्यास टेंकून उभें आहे आणि दुसरें पहिल्यास. दोहोंपैकीं एकाखालींहि स्वतंत्र जमीन नाहीं. या सबंध मांडणींतील हाच सर्वांत नाजूक सांधा आहे.

८. मग क्षत्रपकुमार पवनीस कसा?

टीका करणारानें पर्याय सुचविला पाहिजे. राजपुत्राचा स्तंभ परक्या मुलुखांत उभा राहण्याचे संभव अनेक आहेत. स्वारींत पडलेल्या कुमाराचें स्मारक रणभूमीवर किंवा जवळच्या नगरांत उभारलें जाऊं शकतें. एका मोहिमेनें राज्य स्थापन होत नाहीं. परंतु आम्हांस याहूनहि अधिक विचारणीय वाटतो तो सोयरिकीचा मार्ग. कान्हेरीच्या एका खंडित लेखांत वासिष्ठीपुत्र सातकर्णीची राणी कार्दमक वंशांतील, महाक्षत्रपाची कन्या, असल्याचा उल्लेख आहे. रुद्रदामन् ज्या ‘जवळच्या नात्या’ची गोष्ट सांगतो त्याची सांगड या लेखाशीं घातली जाते. इक्ष्वाकूंच्या घरांत उज्जयिनीच्या राजाची कन्या रुद्रधरभट्टारिका राणी होती. नागार्जुनकोंडा येथेंच एका शकाच्या बहिणीच्या दानाचाहि लेख आहे. तेथें शकांचें राज्य नव्हतें. शक माणसें मात्र होतीं, त्यांच्या मुली होत्या, त्यांचीं दानें होतीं. जी गोष्ट कृष्णेच्या कांठीं मान्य आहे ती वैनगंगेच्या कांठीं अमान्य करण्यास कारण नाहीं.

व्यापाराचे मार्ग तर उघडेच होते. ‘पेरिप्लस’च्या कर्त्यानें लिहिलें आहे कीं, पैठण हें भरुकच्छाच्या दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर आहे आणि तेथून पूर्वेस दहा दिवसांवर तगर, म्हणजे धाराशिव जिल्ह्यांतील तेर; या दोन्ही ठिकाणांहून गाड्यांवर माल लादून तो बंदरास येतो. समुद्राकडून देशाच्या आंतल्या भागाकडे माणसें, माल व बातमी यांची जी ये-जा होती, तिच्या पूर्वेकडील टोंकांस पवनीसारखीं नगरें होतीं. पवनीचा स्तूप स्वतःच अशा ये-जा करणाऱ्यांस बोलावणारा होता. ‘क्षत्रपकुमार येथें राज्य करीत होता’ यापेक्षां ‘क्षत्रपकुमाराचा सन्मान व्हावा एवढें हें नगर मोठें होतें’ हें विधान उपलब्ध पुराव्याशीं अधिक जुळतें.

प्रतिपक्षाच्या बाजूनें एक गोष्ट मान्य केली पाहिजे. रुपिअम्माचा स्तंभ उभारणाऱ्यास त्याच्या बापाचें नांव लिहिण्याची गरज भासली नाहीं. म्हणजे पवनीच्या लोकांस ‘महाक्षत्रप’ म्हटल्यावर कोण तें कळत असावें. संबंध केवळ ओझरता नव्हता, हें यावरून दिसतें. परंतु परिचय आणि सत्ता यांमध्यें जें अंतर आहे तें ओलांडण्यास आणखी पुरावा हवा : क्षत्रपाच्या राज्यवर्षाचा एखादा लेख, अधिकाऱ्याची मुद्रा, पुनर्मुद्रित नाण्यांचा संचय, किंवा त्याच्या आज्ञेनें दिलेलें भूमिदान. यांपैकीं एकहि वस्तु वैनगंगेच्या कांठीं योग्य थरांत मिळाली तर मिराशी यांचें अनुमान पुन्हां उभें राहील, आणि तें पाहण्यास आम्हांस आनंदच होईल.

९. निष्कर्ष व कर्तव्य

या परीक्षणाचा निष्कर्ष थोडक्यांत असा. रुपिअम्म हा महाक्षत्रपाचा पुत्र होता, स्वतः महाक्षत्रप नव्हता, असा अर्थ घेणें सरळ आहे. त्याचा स्तंभ कच्छच्या लष्टींच्या सांच्याचा नसून दक्षिणेकडील छायास्तंभांच्या जातीचा आहे व त्याची भाषा स्थानिक वळणाची आहे. क्षत्रपांच्या स्वतःच्या लेखांत विदर्भाचा दावा नाहीं. नाण्यांचा पुरावा सत्ता सिद्ध करण्यास अपुरा आहे. ‘बेनाकटकस्वामी’ या विशेषणानें हा अपुरेपणा भरून निघत नाहीं. म्हणून भंडारा जिल्ह्याच्या इतिहासांत ‘क्षत्रपांचें राज्य’ असा स्वतंत्र कालखंड घालण्यास सध्यां आधार नाहीं. ‘क्षत्रपांशीं संबंध’ एवढेंच लिहावें.

हा भेद किरकोळ नाहीं. प्रवाशांसाठीं निघणाऱ्या पुस्तिकांत स्थळाची थोरवी तेथें कोणत्या परक्या राजाचें नांव सांपडलें यावरून मोजण्याची प्रथा पडली आहे. कच्छास त्या प्रथेची गरज नाहीं. धोलावीरा, अंधौच्या लष्टि व पाळिया हें त्याचें स्वतःचें वैभव आहे. पवनीसहि ती नाहीं. ज्यांनीं स्तूपाची वेदिका उभारण्यास दान दिलें त्या स्त्री-पुरुषांचीं नांवें दगडावर आहेत. भगदत्त नांवाचा राजा आहे. तटबंदीचें नगर आहे. रुपिअम्मास सिंहासनावर बसविलें कीं या सर्वांस त्याच्या दरबारांतील हुजरे व्हावें लागतें. छायास्तंभाचा खरा अभिमान पवनीनें बाळगावा तो यासाठीं कीं, रणाच्या पलीकडील राजकुळांतल्या एका मुलाचें मरण या गांवानें आपल्या भाषेंत आणि आपल्या रीतीनें नोंदवून ठेवलें.

पुढें करावयाचें कामहि स्पष्ट आहे. पवनीचे दोन्ही लेख व अंधौच्या लष्टि यांचे ठसे शेजारीं ठेवून अक्षरवळणाचा तौलनिक अभ्यास व्हावा. तटाच्या आंतील मोकळ्या जागा घरांखालीं जाण्यापूर्वीं तेथें थरवार उत्खनन व्हावें. नागार्जुनकोंड्याचें खोरें धरणाच्या पाण्याखालीं जाण्यापूर्वीं तेथील अवशेष उत्खननानें वांचविले गेले, म्हणून आज छायास्तंभांची तुलना करतां येते. पवनी तालुक्यांतहि वैनगंगेवर गोसेखुर्दचें मोठें धरण झालें आहे, पुनर्वसनाच्या वसाहती झाल्या आहेत व जमिनीचा वापर पालटत आहे. मातींत जो पुरावा असेल तो शोधण्याची हीच वेळ आहे. तोंवर तीन पदांच्या लेखानें जेवढें सांगितलें तेवढेंच त्याच्या तोंडीं घालावें, हें इतिहासास शोभेल.